यातलं महापौराचं बटन कोणतं? जालन्याच्या ६५ नव्या नगरसेवकांना खुलं पत्र

जालना, १९ जानेवारी २०२६

सगळ्या भाऊंना, ताईंना, साहेबांना नमस्कार.

आधी अभिनंदन. १६ तारखेच्या निकालाचा गुलाल अजून आमच्या नालीत लाल लाल दिसायलाय आणि गल्लीतलं एक पांढरं कुत्रं तीन दिवस झाले गुलाबीच फिरायलंय, म्हणजे आनंद मोठा झाला होता हे नक्की. तुम्ही ६५ जण म्हणजे जालना महानगरपालिकेचं पहिलं सभागृह. याच्या आधी कुणीच नव्हतं. नगरपालिकेची मुदत संपली तेव्हापासून चार वर्षं नुसतं प्रशासकांचं राज्य, मधी २०२३ ला महानगरपालिका झाली, पण बोर्ड बदलला तेवढंच, नगरसेवक म्हणून दारात उभं राहून बोलायला माणूस नव्हता. शेवटी सुप्रीम कोर्टानं ३१ जानेवारीच्या आत उरका म्हणून सांगितलं तेव्हा कुठं मतदानाची १५ तारीख उजाडली.

मी कोण ते सांगते. जुन्या जालन्यात राहते, शिलाईचं काम करते, ब्लाउज, फॉल, पिको. बचत गटाची वही पण माझ्याकडंच असते त्यामुळं बायकांच्या ओळखी भरपूर, आणि त्या ओळखीपायीच दर निवडणुकीला कुणी ना कुणी दारात येऊन म्हणतं ताई तुमच्याशिवाय आमचं काही खरं नाही. यावेळी पण आले. कोणत्या पक्षाचे ते सांगत नाही, सांगितलं तर तुमच्यातले निम्मे इथंच वाचायचं बंद करतील आणि बाकीचे निम्मे नुसती स्वतःची तारीफ हुडकत बसतील. तसं बघितलं तर जे मी सांगणारे ते सगळ्याच पक्षांच्या बायकांनी यावेळी केलंय, आम्ही एकमेकींना रोज चौकात भेटत होतो, गमछे तेवढे वेगळे.

तर झालं असं की ३ तारखेला चिन्हं मिळाली आणि १३ ला संध्याकाळी साडेपाचला भोंगे बंद. दहा दिवस. दहा दिवसात एवढा मोठा प्रभाग, चार उमेदवार, चार फोटो, आणि आम्ही नऊ बायका. त्यातल्या पाच माझ्या बचत गटातल्या, मनानं आलेल्या, आणि चार जणी रोजानं आणलेल्या. त्या रोजानं आलेल्या बायकांचं मला काही वाईट वाटत नाही, एक तर मला सरळ म्हणाली की ताई तुरी काढायला गेलं तरी हेवढेच भेटतात आणि इथं उन्हात वाकावं नाही लागत. खरंय की. फक्त तिला उमेदवाराचं नाव विचारलं की ती पॉम्प्लेट पुढं करायची.

पहिल्याच दिवशी एका वाड्यात गेलो. आजी ऐंशीच्या पुढच्या, अंगावर गोधडी घेऊन उन्हाला बसलेल्या, पुढं सुपात बोरं. मी पुठ्ठ्याचं डमी मशीन काढलं आणि सुरू झाले, आजी यावेळी चार बटनं दाबायचेत बरं का, हा पांढरा कागद त्याच्यात एक, हा गुलाबी त्याच्यात एक, मग पिवळा, मग निळा, चारी दाबल्याशिवाय मोठा आवाज येत नाही आणि आवाज आल्याशिवाय निघायचं नाही. आजीनं चष्मा वर सरकवला, चारी कागदावरून बोट फिरवलं, एकदा इकडून एकदा तिकडून, आणि विचारलं,

"अन् यातलं महापौराचं बटन कोणतं?"

म्हणलं आजी, महापौराचं बटन नसतं.

"नसतं कसं? मागच्या टायमाला अध्यक्षाचं होतं की. म्या दाबलंय."

आणि आजीचं बरोबर होतं. २०१६ च्या शेवटी, नोटाबंदीत आपण सगळे बँकेच्या रांगेत उभे होतो त्याच दिवसात नगरपालिकेची निवडणूक झाली होती, तेव्हा दोन बटनं नगरसेवकाची आणि एक नगराध्यक्षाचं. लोकांनी थेट निवडला होता अध्यक्ष. आता महानगरपालिका झाली, नगरसेवकाची बटनं दोनाची चार झाली, आणि शहराच्या पहिल्या माणसाचं बटन गेलं. मी आजीला समजावून सांगितलं की आता आपण नगरसेवक निवडायचे आणि ते ६५ जण आपल्यातला एक महापौर करणार. आजीनं बोराचा देठ काढत काढत ऐकलं आणि म्हणाल्या, "मंग मोठं कशाला केलं?"

ह्याचं उत्तर मला आलं नाही. तुम्हाला येतं का?

आता मेन गोष्ट, आणि ही लिहायला मला चार दिवस लागले. पुढच्या दारापासून मी खोटं बोलायला लागले. म्हणजे वरूनच तसं सांगितलं होतं, आमच्या पॅनलमधल्या एका उमेदवाराच्या माणसानं पहिल्याच मीटिंगमधी हळूच सांगितलं होतं की बायकांना सांगा हेच महापौर होणारेत, महापौर म्हणलं की लोक वळतात. मला वाटलं असेल बाबा काही ठरलेलं वर. म्हणून आजीच्या नंतर जी जी बाई विचारायची की महापौर कोण, तिला मी त्या उमेदवाराच्या फोटोवर बोट ठेवून सांगायचे, हेच. लई काम करायचं हे वाक्य. दारातली बाई मधात घ्यायची, पाणी द्यायची, नळाचं, नालीचं, लाईटच्या खांबाचं सगळं सांगायची, कारण तिला वाटायचं आता हे डायरेक्ट महापौरापर्यंत जाणार.

चौथ्या दिवशी मामा चौकात दुपारी चहाला थांबलो तेव्हा आमच्याच पॅनलच्या दुसऱ्या उमेदवाराची बाई भेटली. ती पण सांगत सुटली होती की आमच्या ताईच महापौर. आणि तिसऱ्याचा पोरगा तर व्हाट्सअपला स्टेटस ठेवून बसला होता, भावी महापौर, मागं तोफा उडायलेत. आमच्या एका पॅनलमधी तीन महापौर, समोरच्या पॅनलमधी किती ते देवाला माहीत, असे १६ प्रभाग. जालन्याला यावेळी पाण्याची टंचाई असंल, महापौराची नव्हती.

आणि गंमत बघा, आरक्षणाची सोडत तर अजून व्हायचीय! मी हे लिहितेय तोपर्यंत मंत्रालयात चिठ्ठी निघालेली नाही. महापौर बाई होणार का पुरुष, खुल्यातला का ओबीसी का अनुसूचित जातीतला, हे मतदानाच्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं. तुम्हाला पण नव्हतं. आरक्षणाला माझा विरोध नाही, उलट आरक्षण नसतं तर तुमच्या ६५ मधी ३३ बायका दिसल्या नसत्या, पण ती चिठ्ठी निवडणुकीच्या आधी काढायला काय हरकत होती? आधी निघाली असती तर निदान मी खोटं बोलताना त्यातल्या त्यात खरं तरी बोलले असते. आता उद्या चिठ्ठी अशी निघाली की मी ज्यांचं नाव सांगितलं ते त्यात बसतच नाहीत, तर त्या घरांमधी मी कोणत्या तोंडानं जायचं? ब्लाउज तर तिथलेच शिवायचेत मला.

शिलाईची माझी एक जुनी गिऱ्हाईक आहे, दोन गल्ल्या पलीकडं राहते, दर ईदला तिच्याकडचे आठ-दहा ड्रेस असतात. तिच्याकडं गेले तर तिनं खुर्ची दिली, चहा टाकला आणि म्हणाली, "बाजी, पहले ये तो बताओ मेयर कौन बनेगा, फिर वोट मांगो." तिला नाही सांगता आलं मला खोटं. म्हणलं भाभी पता नहीं. ती म्हणाली तुमको भी नहीं पता तो फिर किसके लिए घूम रे तुम इत्ती धूप में? चहा मात्र अद्रक घालून मस्त केला होता.

अंबडला माझी नणंद असते. बावीस-पंचवीस किलोमीटर. तिकडं नगर परिषद आहे, तिनं २ डिसेंबरला नगराध्यक्षासाठी थेट मत टाकलं. भोकरदन, परतूर, तिकडं पण तसंच. खेड्यात सरपंच थेट जनतेतून. म्हणजे जिल्ह्यातल्या खेड्यातल्या माणसाला आपला सरपंच निवडता येतो, अंबडच्या माणसाला नगराध्यक्ष निवडता येतो, आणि आम्ही जिल्ह्याच्या गावात राहून, घरपट्टी महानगरपालिकेची भरून, आम्हाला नाही. नणंद मला फोनवर म्हणते, वैनी तुम्ही तर मोठ्या शहरातले, तुमचं कसं काय असं. हसत होती. चिडवत होती म्हणा.

मग मी जरा माहिती काढली, भाच्यानं मदत केली. तर नगराध्यक्षाचा ह्यो कायदा म्हणजे नुसता खो-खो आहे. २००१ ला थेट निवडणूक आणली, २००६ ला काढली, २०१६ ला परत आणली, २०२० ला परत काढली, २०२२ ला परत आणली. ज्याला जेव्हा सोयीचं तेव्हा तो पाटी बदलतो, सगळे पक्ष यात आले, एकानं दुसऱ्याकडं बोट दाखवायचं कारण नाही. पण एवढ्या खो-खोत महापौराला कुणी खो दिलाच नाही, तो आपला जागेवर बसूनच आहे, नगरसेवकांनी निवडायचा, अडीच वर्षं, संपलं. आणि हे काही संविधानात लिहिलेलं नाही की असंच पाहिजे. ७४ वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा अध्यक्ष कसा निवडायचा हे ज्या त्या राज्यावर सोडलं. शेजारी मध्य प्रदेशात इंदूरचा महापौर लोक थेट निवडतात. उत्तर प्रदेशात पण थेट. मग आपल्याकडंच कामून नाही?

ह्या भाच्याचंच अजून एक सांगते. पुण्याला कंपनीत आहे, संक्रांतीला आला होता, मी रात्री पाय शेकत बसले होते तर मला मोबाईलवर न्यूयॉर्कचं दाखवायलाय. तिथं ममदानी नावाचा पोरगा, चौतीस वर्षांचा, नोव्हेंबरमधी महापौर निवडून आला, आणि त्याच्यासाठी हजारो पोरं-पोरी फुकटात दारोदार फिरले, दार वाजवायचं, बोलायचं, भाडं किती देता, बस कशी आहे विचारायचं. पक्षाच्या आतल्या निवडणुकीत तर त्यानं माजी गव्हर्नरला पाडलं. भाचा म्हणला मावशी, तू पण हेच करायलीस की, ग्रासरूट कॅम्पेन म्हणतात याला. मला बरं वाटलं, नाही म्हणत नाही. पण मग मी त्याला विचारलं, तिथल्या बाईनं दार उघडून विचारलं की महापौर कोण, तर त्या पोरी काय सांगत असतील? तो म्हणला, त्याचंच नाव. बघा. म्हणजे दार वाजवणं सेम, पाय दुखणं सेम, पण त्यांच्याकडं सांगायला एक नाव होतं आणि आतल्या माणसाकडं त्या नावाचं एक मत होतं. तिथं पक्षाच्या निवडणुकीत तर पाच जणांना एक-दोन-तीन-चार-पाच असे नंबर द्यायची पण सोय आहे म्हणे. आपण इथं एकच नंबर मागायलोत.

संक्रांतीचं निघालंच आहे तर ते पण ऐका, कारण निवडणूक कशी झाली ते तुम्हाला स्टेजवरून नाही दिसलं. प्रचाराचा शेवटचा दिवस म्हणजे भोगी. बायका तिळाच्या भाकरी थापत होत्या, भोगीची भाजी चुलीवर, आणि आम्ही दारात स्लिपा घेऊन. एकीनं पिठाच्या हातानं स्लिप घेतली तर सगळी स्लिप पिठानं भरली, नंबर दिसंना. दुसऱ्या दिवशी संक्रांत. भोंगे बंद झालेले पण हळदी-कुंकवाला कोण बंदी घालणार? एका घरी बोलावलं म्हणून गेले, तर वाण म्हणून प्लास्टिकचा डबा, झाकणावर काही नाही, पण डबा उघडला की मधी तिळगूळ आणि तिळगुळाखाली चिठ्ठी, चिन्हाची. बायका हसल्या, डबा घेतला, चिठ्ठी तिथंच जाजमाखाली सरकवली. दुसऱ्या दिवशी जाजम उचललं तेव्हा खाली सगळ्या पक्षांच्या चिठ्ठ्या निघाल्या म्हणे. पाकिटांचं मी काही लिहीत नाही, नऊ लाखाची मर्यादा होती एका उमेदवाराला, ती कुणी पाळली ते ज्याचं त्याला माहीत, मला फक्त हे माहितीये की आमच्या नऊ बायकांचा चहा आम्ही दोनदा पदरच्या पैशानं प्यालो.

आणि मतदान १५ ला, म्हणजे करीच्या दिवशी! तारीख ठरवणाऱ्याच्या घरी कुणी म्हातारं माणूस नसंल बहुतेक. करीच्या दिवशी आमच्याकडं चांगलं काम काढत नाहीत, बाहेरगावी जात नाहीत, आणि त्या दिवशी आम्हाला बायकांना बाहेर काढायचं होतं. एक सासूबाई तर अडूनच बसल्या, करीला नाही मी कुठं जात. शेवटी सून म्हणाली, आत्या, करीच्या दिवशी आपण भांडणं करत नाही का, मग मत टाकलं तर काय होतंय. तेव्हा निघाल्या. बूथवर त्या वाड्यातल्या आजीला पण मीच हाताला धरून नेलं. मधी त्या एकट्याच गेल्या. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात. नंतर कळालं की दोन बटनं दाबून निघायलेल्या, मधल्या साहेबांनी परत पाठवलं की आजी चारी दाबा, नाहीतर मशीन पुढं जात नाही. बाहेर आल्या, बोटाला मार्करचा ठिपका, आणि मला म्हणाल्या, "दाबले गं चारी. पर तुझं ते महापौराचं काय दिसलं नाही."

माझं ते! मी तर नसतं म्हणूनच सांगितलं होतं त्यांना. पण नंतर गल्लीभर जे बोलत फिरले ते त्यांच्या कानावर गेलेलंच असणार, वाडा तो, किती गोष्ट झाकणार.

आता तुमचं. तुमच्यातले काही जण म्हणतील, ताई, थेट महापौर निवडला आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं आलं तर? मग तर काहीच चालणार नाही, ठराव अडतील. हे होतं. नगरपालिकांमधी हे झालेलं आपण बघितलंय, अध्यक्ष एका पार्टीचा, बहुमत दुसरीकडं, आणि मग पाच वर्षं नुसती ओढाओढ. ते खोटं नाही. दुसरं कुणी म्हणेल की महापौराला तसे अधिकारच कुठं असतात, सगळ्या सह्या आयुक्तांच्या, पैशाचं स्थायी समितीकडं, महापौराकडं गाडी आणि सभेची खुर्ची. ते पण खरं. मग माझं म्हणणं, अधिकार पण द्या ना. थेट निवडून दिलेल्या माणसाच्या हातात काहीच नसेल तर लोक त्याला विचारतील काय आणि तो सांगेल काय. पण अधिकार नाहीत म्हणून मत पण नको, हे म्हणजे घरात पोरीला बोलू देत नाही म्हणून शाळेत पण नको घालायला, तसलं झालं.

आणि आत्ताची पद्धत कशी चालते ते पण आम्ही बघतो की. मराठवाड्यातच बघा, लातूरला २०१७ ला काठावरचं बहुमत एकाचं आलं आणि अडीच वर्षांनी महापौर दुसऱ्या पक्षाचा झाला, मतदारानं मधात काहीच केलेलं नव्हतं. जिथं काठावर असतं तिथं नगरसेवकांना सहलीला नेतात, फोन काढून घेतात, मग एकदम बसमधून सभागृहात उतरवतात हात वर करायला. आपल्याकडं बहुमत स्पष्ट आहे त्यामुळं सहलीचा खर्च वाचला, पण स्पष्ट बहुमतात तर अजूनच सोपं, मुंबईहून एक फोन येणार, व्हिप म्हणजे पक्षाचा आदेश निघणार, आणि हात वर होणार. मग ज्या बाईनं चार बटनं दाबली तिचं मत त्या हातात कितवं? गटनोंदणीला, म्हणजे आपापल्या पक्षाचा गट नोंदवायला, तुम्ही संभाजीनगरला विभागीय आयुक्तांकडं जाऊन याल, फोटो टाकाल, छानच. त्याच्यानंतर जो कोण महापौराचा उमेदवार असेल त्याला फॉर्म भरायच्या आधी एकदा गांधी चमनला उभं करा. स्टेज नको, भोंगा नको, लोकांनी विचारायचं आणि त्यानं किंवा तिनं उत्तर द्यायचं. घाणेवाडीच्या तलावाचं काय, कुंडलिकेत किती दिवस नाल्या सोडायच्या, एमआयडीसीकडच्या धुराचं काय, चंदनझिऱ्याच्या लोकांना जुन्या जालन्याएवढं पाणी कधी. एक तास. ह्याला कायदा बदलावा लागत नाही, फक्त लाज बाजूला ठेवावी लागते.

कायदा बदलायचं काम आमदारांचं आहे, तुमचं नाही, कळतं मला. पण तुमच्या पहिल्या-दुसऱ्या सर्वसाधारण सभेत ठराव तर करता येतो, की जालन्याच्या लोकांना नगराध्यक्ष थेट निवडायचा हक्क होता, महानगरपालिका झाल्यानं तो गेला, तो परत द्या, आणि ते होईपर्यंत निदान महापौराचं आरक्षण निवडणुकीच्या आधी काढा. सगळ्या पक्षांनी मिळून करा, यात कुणाचं काही जात नाही. तुमच्यातल्या प्रत्येकानं आमच्याकडून स्वतःला महापौर म्हणवून घेतलंय ना, मग महापौर लोकांनी निवडावा असं म्हणायला काय अडचण आहे?

ज्या ३३ ताई आल्यात त्यांना एक वेगळं सांगते, रागावू नका. पॉम्प्लेटवर तुमचा फोटो छोटा आणि मिस्टरांचा मोठा होता, ते प्रचारापुरतं ठीक. आता फोन तुम्ही उचला. मी मागच्या आठवड्यात एका ताईला फोन केला अभिनंदनाचा, तर मिस्टर म्हणाले बोला नगरसेवक बोलतोय. म्हणलं राँग नंबर लागला वाटतं.

आणि एक वही आहे. दहा दिवसात २१२ घरं केली आम्ही पाच जणींनी, रोजाच्या बायकांनी केलेली त्याच्यात धरली नाहीत. बचत गटाचीच जुनी वही, मागच्या पानापासून लिहिलीय. कुणाच्या घरापुढं नाली तुंबलीय, कुणाच्या गल्लीत नळ रात्री दोनला येतो आणि मोटार लावणारा एकटाच सगळं ओढतो, कुठं खांबावर लाईट आहे पण बटन चालू करायला माणूस येत नाही, कुणाच्या सासूची पेन्शन बंद पडलीय, एका घरी तर पोरीनं लिहायला लावलं की शाळेच्या रस्त्यावर टपरीपाशी पोरं उभी असतात. त्या पोरीचं मी लाल पेनानं लिहिलंय. ही सगळी माणसं मला मधलं सांगत होती कारण मी त्यांना म्हणलं होतं की हे महापौरापर्यंत जाणार. माझं खोटं मला असं अर्धं तरी खरं करता येईल. म्हणून माझी एवढी सोय करा, जो कोण महापौर होईल, कोणत्या का पक्षाचा असेना, त्यानं नाहीतर तिनं वही घ्यायला यावं. झेरॉक्स देणार नाही, वही बघून जा, पानं उलटून, कारण पिठाचे हात लागलेली ती पिठाची स्लिप पण त्याच्यातच ठेवलीय.

दुपारी तीननंतर मी घरीच असते. सकाळी नका येऊ, सकाळी पाण्याचं असतं.

तुमच्याच एका प्रभागातली,
चार बटनवाली मतदार